माहितीचा दिवस

सप्टेंबरातली दुपार होती. खिचडी खाऊन झाली होती, हौदावर धुतलेली ताटे व्हरांड्याच्या कडेला पालथी घातलेली होती आणि आवारात ओल्या मातीचा व उतरत्या फोडणीचा मिसळलेला वास होता. मी पोषण आहाराच्या चव नोंदवहीत सही करून त्या दिवशी जेवलेल्या मुलांचा आकडा ॲपवर भरत होते. कडुलिंबाच्या पारावर तिसरीतल्या चार मुली शाळा-शाळा खेळत बसल्या होत्या. त्यांतली मॅडम झालेली मुलगी खांद्यावर टॉवेलाचा पदर घेऊन उभी होती आणि तिच्या डाव्या हातात पाटीचा फुटका तुकडा होता. ती त्या तुकड्याकडे मान खाली घालून पाहत होती आणि उजव्या अंगठ्याने त्यावर काहीतरी सारत होती. बाकीच्या तिघींनी कुजबुज सुरू केली तशी ती मान वर न करताच म्हणाली, ‘‘गप बसा गं, माहिती पाठवायचीय.’’ मग थोड्या वेळाने तिने तो तुकडा एकीच्या तोंडासमोर धरला. ‘‘हं, नाव सांग. इयत्ता सांग. आता वाच. थांब थांब, पुन्हा. हसू नको, व्हिडिओ वर जातोय.’’ समोरची मुलगी रिकाम्या तळहाताचे पुस्तक करून भराभर वाचू लागली आणि शेवटी चौघींनी आमच्या वर्गात वाजतात तशा टाळ्या वाजवल्या.

त्यात चेष्टा नव्हती.

चेष्टा असती तर मी रागावले असते आणि विसरूनही गेले असते. त्या मुली मन लावून खेळत होत्या. मॅडम म्हणजे काय करणारी बाई, हे त्यांनी तीन वर्षे रोज पाहून ठरवले होते आणि जसे पाहिले तसे केले होते. तेव्हा मला हसूही आले. रात्री भांडी आवरताना मात्र तो अंगठा डोळ्यांसमोर आला. पाटीवर फिरणारा, काळ्या दगडावर काहीतरी वर सारणारा तो इवलासा अंगठा. मग आणखी एक गोष्ट आठवली. दुसरीतला एक मुलगा गेले काही महिने सकाळी फाटकाशीच मला विचारत असे, ‘‘मॅडम, आज शाळा हाय का माहिती हाय?’’ मी त्याला हसून काहीतरी उत्तर देत असे. त्या रात्री मला त्याच्या प्रश्नाचा अर्थ लागला. शाळेच्या दिवशी मुले ओळीने बसतात आणि मी फळ्यापाशी असते. माहितीच्या दिवशी मुले गोल बसतात, मोठी मुले लहानांना पाढे म्हणायला लावतात आणि मी आवाराबाहेरच्या उंच दगडावर उभी असते, कारण आमच्या वस्तीवर मोबाईलला रेंज फक्त त्या दगडावर मिळते. त्या मुलाला तक्रार करायची नव्हती. दप्तर कुठे ठेवायचे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

आमची शाळा बालाघाटच्या डोंगरावरची, पहिली ते चौथी, पट एकतीस, शिक्षक दोन. मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्या सहकारी सरांकडेच आहे. माझ्याकडे तिसरी-चौथी, त्यांच्याकडे पहिली-दुसरी. त्यांना केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला जावे लागले की चारही वर्ग माझ्याकडे. परिपाठात प्रतिज्ञा संपायच्या आत गटावर संदेश पडतो : अति तात्काळ, आज दुपारी दोनपर्यंत. मुलांची उंची, वजन, आधारची जुळणी, बँक खाते, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणीतली दुरुस्ती, स्वच्छतागृहाचा फोटो, लावलेल्या रोपाचा मुलासह फोटो, हात धुण्याच्या दिवसाचा फोटो. जूनमध्ये पाठवलेलीच माहिती ऑगस्टमध्ये वेगळ्या तक्त्यात द्यायची असते, कारण तक्ता बदललेला असतो. संदेश पाठवणारे केंद्रप्रमुख वाईट नाहीत. त्यांच्या मागे कितीतरी शाळा आहेत आणि त्यांच्या फोनवरही त्यांच्या वरच्यांचा असाच संदेश आलेला असतो. फोन करताना त्यांच्या आवाजात अजिजी असते. ‘‘मॅडम, तुमचीच एक शाळा राहिली’’ हे वाक्य ते एकाच दिवशी अनेक शाळांना म्हणत असतील, हे मला कळते आणि तरीही दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिले आहे की दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावू नये. आमच्या बैठकांत हे कलम सगळ्यांना तोंडपाठ असते. पण माझे लक्ष त्याच कायद्याच्या परिशिष्टातल्या एका ओळीकडे जास्त जाते. शिक्षकाचे आठवड्याचे कामाचे तास किमान ४५ असावेत आणि त्यात पूर्वतयारीचे तास धरलेले असावेत, अशी ती ओळ आहे. उद्या काय शिकवायचे याचा विचार करत बसणे हेही शिक्षकाचे काम आहे, असे कायदा करणाऱ्यांपैकी कोणाला तरी वाटले होते. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भरून आले होते. आमच्या वेळापत्रकातून सर्वांत आधी नाहीसे झाले ते हेच तास, आणि त्यांची नोंद कुठल्याच तक्त्यात नसल्यामुळे ते गेल्याचे कोणाला कळलेही नाही.

मी २००८ साली शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. महिना तीन हजार रुपये मानधन. तेव्हाही दमणूक होती. एस.टी. फाट्यावर सोडत असे आणि पुढे चार किलोमीटर चढ. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की चपला हातात घेऊन पलीकडे जायचे. पण तो थकवा पायांत असायचा, रात्री गरम पाण्याने उतरायचा. सीताफळाच्या दिवसांत मुले खिसे भरभरून बिया आणत आणि आम्ही दहादहाचे ढीग करून हातच्याची बेरीज शिकत असू. काळ्या गुळगुळीत बियांचा तो स्पर्श अजून बोटांना आठवतो. घरी जाताना डोक्यात मुलेच असत. अमक्याला हातचा का कळत नाही, तमकी ‘ळ’ वाचताना का अडखळते, उद्या काय केले तर कळेल? सासूबाई म्हणत, ‘‘शाळा सुटली तरी तू सुटत नाहीस.’’ गेल्या काही वर्षांत मात्र मी साडेचारलाच घड्याळ पाहू लागले होते. एखाद्या मुलाने चूक केली की मी बरोबर उत्तर सांगून पुढे सरकत असे. ती चूक अशी का झाली, हे विचारायचे मी सोडून दिले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती मी वाचली आहे. त्यात तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटले आहे. तिची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मनाने दूर जाणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. पहिले आणि तिसरे मला ओळखीचे होतेच. दुसऱ्यापाशी मी बराच वेळ थांबले. पारावरच्या मुलीने नेमके तेच करून दाखवले होते : वर्गात उभी असलेली आणि वर्गाकडे न पाहणारी मॅडम.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हाला प्रेरणेवर व्याख्यान ऐकवले गेले. वक्ते तळमळीने बोलत होते. शिक्षकाने मेणबत्तीसारखे स्वतः जळून इतरांना प्रकाश द्यावा, असे ते म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मला आजीचा कंदील आठवला. माझ्या लहानपणी आमच्या गावात वीज असून नसल्यासारखी होती. आजी रोज दिवेलागणीच्या आधी ओसरीवर बसून कंदिलाची काच उतरवायची, चुलीतली चाळलेली राख फडक्यावर घेऊन आतून पुसायची, उजेडाकडे धरून पाहायची आणि मग वातीचे जळके टोक कात्रीने कापायची. एखाद्या दिवशी हे राहून गेले तर रॉकेल भरलेले असूनही, वात जळत असूनही घरात अंधारच वाटायचा. ‘‘काजळी धरली गं,’’ म्हणून ती उठायची आणि काच गार व्हायची वाट पाहत बसायची. त्या सभागृहात मला वाटले की आम्हाला कोणीही जळायला सांगू नये, आम्ही जळतोच आहोत. काच पुसायला दिवसाकाठी थोडा वेळ तेवढा मिळावा.

दसऱ्यानंतर आमच्या वस्तीत वेगळीच लगबग सुरू होते. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड बांधू लागतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. असे कोयते जमून टोळी होते आणि ट्रक भरून साखर कारखान्यांकडे जाते. पत्र्याच्या पेट्या, पाण्याची पिंपे, कोंबड्या, शेळी आणि वर बसलेली आमची मुले. ज्यांची आजी घरी आहे ती मागे राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, बाकीची जातात. जाईल तिथल्या शाळेत मुलाला बसता यावे म्हणून असलेले शिक्षण हमी कार्ड आम्ही भरून देतो. ते आई पेटीत रेशनकार्डाबरोबर जपून ठेवते आणि बहुतेक वेळा ते एप्रिलमध्ये तसेच घडी न मोडता परत येते. ज्या वर्गातली निम्मी मुले पाच महिने उसाच्या फडावर असतात, त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला ६० शब्द समजून वाचावेत, हे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाशी माझे भांडण नाही. वाचता आले नाही तर मुकादमाच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे त्या मुलाला कधीच कळणार नाही, आणि मला त्याचे फार वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की मार्चमध्ये तपासायला येणाऱ्याच्या हातात घड्याळ असते, पण ते मूल नोव्हेंबरपासून कुठे होते हे विचारणारा रकाना त्याच्या कागदावर नसतो.

पारावर मॅडम झालेली मुलगी त्या वर्षी गेली. तिची आजी उन्हाळ्यात वारली होती, तिला ठेवून घेणारे घरात कोणी उरले नव्हते आणि धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, कोणीतरी हवेच होते. मी घरी गेले तेव्हा तिचे वडील पेटीला दोरी बांधत होते. ‘‘पोरगी हुशार हाय, मला कळतंय मॅडम,’’ एवढे बोलून ते गप्प झाले. मग माझ्या हातातल्या वाजणाऱ्या फोनकडे पाहून म्हणाले, ‘‘आमची उचल अन् तुमची माहिती सारखीच. फिटतच न्हाई.’’ त्यांच्या बोलण्यात आपलेपणा होता, पण ते वाक्य मी स्वीकारू शकले नाही आणि आजही शकत नाही. माझा पगार थोडा मागेपुढे झाला तरी होतो. माझ्या हाताला कोयता लागत नाही, पहाटे तीनला मला उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढावे लागत नाही. माझा शीण खरा आहे, पण त्यांच्या शिणाशेजारी तो ठेवताना मला संकोच वाटतो. आणि तरीही मी जे वाया घालवत होते ते शेवटी त्यांच्याच मुलीचे होते. पाच महिने ती नसणार, म्हणजे जूनपासून दसऱ्यापर्यंतचा प्रत्येक दिवस तिला पुरा मिळायला हवा होता. त्यांतले कितीतरी दिवस मी त्या दगडावर उभी होते.

त्या काळात मी डहाणूजवळच्या कोसबाडच्या कुरणशाळेविषयी पुन्हा वाचले. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा मुले गुरे राखायला जात म्हणून शाळेत येत नसत. तर या बायका शाळाच कुरणात घेऊन गेल्या. पूर्वी मला या गोष्टीतला त्याग दिसायचा आणि स्वतःचा कमीपणा. या वेळी वेगळे काही दिसले. गुरे राखणारे मूल कशाकडे पाहते, कुठल्या वेळी मोकळे असते, हातात काय घेऊन बसते, हे आधी पाहिल्याशिवाय कुरणात शाळा सुचणारच नाही. त्यांना पाहायला वेळ होता, किंवा त्यांनी तो काढला होता.

दिवाळीच्या सुटीनंतर मी आणि सरांनी एक ठरवले. सकाळी साडेदहा ते मधल्या सुट्टीपर्यंत दोघांचेही फोन कपाटात राहतील. सर भीत होते आणि त्यांचे भिणे योग्यच होते, कारण जबाबदारीची सही त्यांची असते. पहिले काही दिवस मला खिशाशी फोन थरथरल्याचा भास होई आणि मी हात नेई तर तिथे काहीच नसे. तिसऱ्या आठवड्यात व्हायचे ते झाले. एक माहिती साडेबाराच्या आत हवी होती, आमची दीड वाजता गेली आणि दोन दिवसांनी लेखी खुलासा मागवण्यात आला. सरांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिले, ‘‘सदर वेळेत इयत्ता तिसरी व चौथीचे अध्यापन सुरू असल्याने माहिती सादर करण्यास विलंब झाला.’’ लिहून झाल्यावर आम्ही दोघेही त्या वाक्याकडे पाहत राहिलो. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी शिकवत होते हे मला प्रथमच लेखी द्यावे लागले होते आणि तेही झालेल्या चुकीचे कारण म्हणून. सरांनी काही न बोलता आधी सही केली. आम्हाला समज देण्यात आली, ‘यापुढे दक्षता घ्यावी’ असे त्यात म्हटले होते. खुलाशाची स्थळप्रत मी घरी आणून ठेवली आहे.

यानंतर उत्साह परत आला असे लिहिले तर ते खोटे होईल. आधी नुसती शांतता आली आणि ती थोडी भीतिदायक होती. अडीच तास समोर फक्त मुले, आणि त्यांचे काय करायचे याची माझी सवय मोडलेली. मग डिसेंबरात एक मुलगा ‘रस्ता’ हा शब्द ‘रसता’ असा वाचताना दिसला. पूर्वी मी ‘रस्ता’ असे म्हणून पुढे गेले असते. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्याला आणखी शब्द दिले. ‘पुस्तक’ तो बरोबर वाचत होता, ‘दोस्त’ही बरोबर, पण ‘बस्ता’ पुन्हा चुकत होता. मला काही कळेना. रात्री कार्डशीटचे तुकडे कापून मी शब्द लिहिले. मार्करचा तो उग्र वास बऱ्याच दिवसांनी घरात आला आणि माझी मुलगी म्हणाली, ‘‘आई, काय करतेस?’’ चार दिवसांनी लक्षात आले की ‘पुस्तक’ आणि ‘दोस्त’ हे शब्द तो वाचतच नव्हता. ते त्याला चित्रासारखे पाठ होते. अर्धा ‘स’ त्याला मुळात दिसलाच नव्हता. तो दांडी नसलेला ‘स’ मी त्याला मातीत काढून दाखवला, त्याने बोटाने दांडी पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. त्याला कळले तेव्हा तो काही नाचला वगैरे नाही. ‘‘हां,’’ म्हणाला आणि पाणी प्यायला गेला. मी मात्र तिथेच बसून राहिले. मुलांवरची माया माझ्यातून कधीच गेली नव्हती. ती तर दगडावर उभी असतानाही माझ्याजवळ होती. गेले होते ते कुतूहल, हे मूल असे का वाचते हे जाणून घ्यायची उत्सुकता, आणि ती तुकड्या-तुकड्यांच्या वेळात येत नाही. तिला पाठीला पाठ लावून चार सकाळी लागतात.

माहिती अजूनही जाते. दुपारनंतर मी दगडावर उभी असते, काही आठवडे निवडणुकीच्या याद्यांच्या कामात जातात आणि काही सकाळी आमचा नियम मोडावाच लागतो. एखाद्या रात्री राजीनाम्याचा विचार येतो आणि सकाळी डबा भरताना तो बाजूला पडतो. अमुक केल्याने सगळे ठीक झाले, असे मला कोणाला सांगता येणार नाही. इतर शाळांतल्या मैत्रिणींचे फोन येतात तेव्हा मी बहुधा ऐकूनच घेते.

एप्रिलच्या मध्यावर टोळ्या परतल्या. ती मुलगी आली ती उन्हाने काळवंडून, उसाच्या पात्याने हातांवर उठलेले पांढरे चरे घेऊन. वार्षिक परीक्षेत तिचे वाचन अडखळले. मी घड्याळ लावले नाही. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा ती चौथीत आणि तिचा भाऊ पहिलीत आला. प्रवेशोत्सवाचे फोटो आदल्या दिवशीच काढून पाठवून झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला हाताला धरून माझ्यापुढे घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, ह्याला वाचता येतंय.’’ कोपीवर पाच महिने, आई-वडील फडावर असताना, तिने त्याला शिकवले होते. चुलीच्या राखेवर उसाच्या वाढ्याच्या काडीने अक्षरे काढून. मी भिंतीवरच्या तक्त्यातल्या ‘मगर’ या शब्दावर बोट ठेवले. तो पोरगा दोन पावले मागे सरकला, सरळ उभा राहिला, हात अंगाला चिकटवले, हनुवटी वर केली, स्वतःचे नाव सांगितले, इयत्ता सांगितली आणि थांबला. तो तक्त्याकडे पाहत नव्हता. माझ्या हाताकडे पाहत होता. वाचायला सुरुवात कधी करायची असते, हेही त्याच्या बहिणीने त्याला नीट शिकवले होते.

मी दोन्ही हात पुढे करून त्याला दाखवले. त्याची खात्री पटेना. त्याने वळून बहिणीकडे पाहिले.

‘‘वाच की,’’ ती म्हणाली. ‘‘आज माहिती न्हाई.’’